सत्तावीस टेबलं आणि एक डुलकी

ऑफिसात माणसाला नक्की काय लागतं, हे मी आता सप्रमाण सांगू शकतो. त्यासाठी मी सव्वीस सहकाऱ्यांना विचारलं, एका गुरुजींना विचारलं, एका सरकारी साहेबांना विचारलं आणि मध्यंतरी काही झिंग्यांचाही सल्ला घ्यायची वेळ आली. उत्तर सगळ्यांचं एकच होतं. फक्त ते लिहून द्यायला कुणी तयार नव्हतं.

आमची कंपनी तैवानात, कांगशानला स्क्रू बनवते. कांगशानात राहून स्क्रू न बनवणारी माणसं दोनच प्रकारची: बोकडाच्या रश्श्याची हॉटेलं चालवणारी आणि हवाई दलातली. बाकी गाव स्क्रू बनवतं, स्क्रू मोजतं, स्क्रूवर मुलामा चढवतं किंवा स्क्रूवाल्याशी लग्न करतं. आमचे मालक होऊ शेठ. ते सकाळी येऊन चहा उकळतात आणि दिसेल त्याला पाजतात. कंपनी मालकीणबाई चालवतात. ही विभागणी तीस वर्षं सुखाने चालली आहे, कारण चहा खरंच चांगला असतो.

आमच्या एका परदेशी गिऱ्हाइकाकडून दरवर्षी प्रश्नावली येते. नदीत काही सोडता का, पोरं कामाला ठेवता का, असे सोपे प्रश्न असतात, सगळीकडे ‘नाही’ लिहिलं की झालं. यंदा चौदावा प्रश्न नवा होता. ‘तुमच्या कामाच्या जागेची रचना कर्मचाऱ्यांच्या गरजांनुसार कशी केली आहे?’ याच्यापुढे ‘नाही’ लिहून बघितलं, बरं दिसेना.

योगायोगाने त्याच महिन्यात आम्ही मुलामा चढवण्याच्या शेडवरचं जुनं ऑफिस सोडून एका नव्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर जाणार होतो. मालकीणबाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“आ-काय, नव्या ऑफिसची रचना तू करायची.”

“मी? मी निर्यातीची कागदपत्रं करतो, मालकीणबाई.”

“वर्षअखेरच्या जेवणात कोण कुठे बसणार ते तूच ठरवलंस ना? भांडण झालं नाही.”

हे खरं होतं. आमच्याकडे त्या जेवणात अख्खी कोंबडी येते, आणि तिचं डोकं ज्याच्याकडे असेल त्याची पुढल्या वर्षी नोकरी गेली असं धरतात. मी टेबलं अशी लावली होती की सगळ्या कोंबड्यांची डोकी खांबाकडे होती. खांब अजून नोकरीत आहे. पण एवढ्या भांडवलावर माणूस रचनाकार होतो हे मला माहीत नव्हतं.

मी नाही म्हणणार होतो, तेवढ्यात त्या म्हणाल्या, “सगळ्यांच्या सह्या आण, की जागा आवडली म्हणून. सव्वीस सह्या झाल्या की सत्ताविसावी मी करीन. मग तुझी जागा तू निवड.”

इथे मी हो म्हणालो. कारण सांगायला हवं.

आमच्याकडे साडेबाराला डबा संपतो, दिवे मालवतात आणि दीडपर्यंत अख्खं ऑफिस झोपतं. तुमच्याकडे हिला वामकुक्षी म्हणतात. आमच्याकडे ती डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर, कपाळावर आणि घडीच्या खाटेवर अशी सर्व बाजूंनी घेतली जाते. दीडला दिवे लागतात, हाच गजर. ज्याची दुपारची झोप गेली त्याच्याकडे लोक जरा हळहळून बघतात. माझी तीन वर्षांपूर्वी गेली. नोकरीला लागलो तेव्हा रिकामं टेबल एकच होतं, गरम पाण्याच्या यंत्राला लागून. बारा पस्तीसला कुणाला तरी चहाची थर्मास भरायची असते, बारा पन्नासला औषधाला कोमट पाणी हवं असतं, आणि अधल्यामधल्या वेळात यंत्र स्वतःच एका बाईच्या आवाजात सांगतं की पाणी उकळलं आहे. तीन वर्षांत मी ऑफिसात एकदाही झोपलो नव्हतो. नव्या मजल्याचा नकाशा उघडल्याबरोबर मला पश्चिमेच्या खांबामागची जागा दिसली. दारापासून लांब, पाण्यापासून लांब, कुणाच्या वाटेत नाही. मी ती पेन्सिलीने हलकेच गोल केली. कर्मचाऱ्यांच्या गरजांचा अभ्यास इथे सुरू झाला.

प्रथम मी छापील फॉर्म वाटले. ‘तुम्हाला कामाच्या जागेकडून काय हवं?’ खाली दहा ओळी सोडल्या. सव्वीस फॉर्म परत आले. बावीस जणांनी लिहिलं होतं, ‘काही हरकत नाही.’ तिघांनी काहीच लिहिलं नव्हतं. एकाने माझ्या प्रश्नाखालची रेषा वाकडी छापली गेल्याचं दाखवून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी हिशेबाच्या मेईचू ताई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. त्या सव्वीस वर्षं इथे आहेत आणि मालकीणबाईही त्यांना विचारून रजा घेतात असा समज आहे.

“आ-काय, टेबल किती लांब घेतोयस?”

“एक मीटर चाळीस.”

“माझी खाट एक शहाऐंशी आहे.”

“ताई, फॉर्मवर तुम्ही ‘काही हरकत नाही’ लिहिलंय.”

“फॉर्मवर झोप लिहू का मी? त्या परदेशी माणसाने वाचलं म्हणजे?” त्या खाली वाकल्या. “एकाग्रतेला लांब टेबल लागतं असं लिही.”

त्यानंतर दोन दिवस माणसं एकेक करून येत राहिली. कुणाला एकाग्रतेसाठी पाय पसरायला जागा हवी होती, कुणाला एकाग्रतेसाठी पडदे जाड हवे होते, एकीला एकाग्रतेच्या वेळी शेजारी घोरणारा नको होता. सगळ्यांत जास्त पीडा ग्वान काकांची होती. ते मालाची तपासणी करतात. सूक्ष्मदर्शकाखाली स्क्रूचे आटे बघतात.

“पोरा, मला उजव्या हाताला मोकळी जागा ठेव.”

“वजनकाटा ठेवायला?”

“नाही रे. मी झिंगे पकडतो.”

शनिवार-रविवार काका झिंग्यांच्या हौदावर गळ टाकून बसतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. सोमवार ते शुक्रवार ते हेच काम झोपेत करतात हे मला नवीन होतं. दर सात-आठ मिनिटांनी उजवा हात झटका देऊन वर जातो. जुन्या ऑफिसात त्यांच्या उजवीकडे भिंत होती. भिंतीला खड्डा आहे.

आमच्या घराखाली नाश्त्याचं दुकान चालवणारी बाई प्रत्येक पुरुषाला ‘देखण्या’ म्हणते, त्यामुळे मी तिथे रोज जातो. माझा नकाशा तिथल्या टेबलावर पसरलेला होता. अंड्याची पोळी ठेवता ठेवता ती म्हणाली, “काय देखण्या, वसतिगृह बांधतोयस?”

“ऑफिस.”

“मग खाटा कशाला काढल्यास?”

“ती टेबलं आहेत.”

तिने एकदा नकाशाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पोळीवर सॉस जरा जास्त घातला. दया आली असेल.

मग मालकीणबाईंचे वास्तू बघणारे गुरुजी आले. हातात होकायंत्र, मागे शिष्य, शिष्याच्या हातात गुरुजींचा चहा. गुरुजी मजलाभर फिरले. “दाराकडे पाठ नको. डोक्यावर तुळई नको. माथ्याच्या उंचीला लोखंड नको. आणि पाय संडासाकडे नकोत.”

“बसलेल्या माणसाचे पाय कुठे का असेनात, गुरुजी,” मी म्हणालो.

“बसलेल्याचं कोण बोलतंय?” ते म्हणाले. “मी पंचवीस वर्षं ऑफिसं बघतोय.”

शेवटी त्यांनी टेबलांच्या क्रमांकांतून चार, चौदा आणि चोवीस काढायला सांगितले. चार हा आकडा ऐकला की आम्हाला मरण आठवतं. इस्पितळात चौथा मजला नसतो, मग स्क्रूच्या ऑफिसात चौथं टेबल ठेवून कोण विषाची परीक्षा घेणार? मी आज्ञाधारकपणे ते तीन आकडे गाळले आणि सत्तावीस टेबलांना एक ते तीस असे क्रमांक दिले. सुताराने नकाशा पाहिला. नकाशात शेवटचा आकडा तीस होता. त्याने तीस टेबलं केली. प्रत्येकी एक मीटर नव्वद.

“तू तीस लिहिलंस,” सुतार म्हणाला.

“पण चार नंबर आहे का त्यात? चौदा? चोवीस?”

“तेच म्हटलं, हे तीन नंबर टाकायचा विसरला पोरगा. मी आपले करून टाकले.”

हा माणूस आयुष्यभर कांगशानात राहिलाय, स्वतःच्या घरात चौथी पायरी म्हणताना ‘तिसरीच्या वरची’ म्हणतो, आणि त्याने आपणहून चार नंबरचं टेबल केलं. एक टेबल भूमिदेवाच्या पूजेला दिलं. दुसऱ्यावर छपाईचं यंत्र ठेवलं. तिसऱ्याजवळ जायला कुणी तयार नव्हतं. ते दाराशी भिंतीला लावून ठेवलं, बिननंबराचं.

त्याच भिंतीवर माझं खरं दैव बसवलं जाणार होतं. आमची इमारत ‘हरित’ आहे. हरित म्हणजे तिथे दिव्यांना बटण नसतं. छतात सेन्सर असतात. हालचाल दिसली की दिवे लागतात, दहा मिनिटं कुणी हललं नाही की मालवतात. त्यांची नियंत्रणपेटी वायरमनला डोक्याच्या उंचीवर बसवायची होती, पण ती लोखंडी होती आणि गुरुजींचा शब्द ताजा होता. म्हणून ती टेबलाच्या उंचीवर बसली, बरोबर त्या बिननंबरी टेबलाच्या वर. वायरमनने शेवटी पेटीवर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवलं. यंत्रावर हिरवं पाकीट असलं की यंत्र शहाण्यासारखं वागतं, हे आमच्याकडे अभियांत्रिकीच्या पदवीधरालाही सांगावं लागत नाही.

सोमवारी आम्ही नव्या जागेत गेलो. मेईचू ताईंनी टेबलाखाली खाट सरकवून पाहिली, चार सेंटिमीटर उरले, त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. साडेबाराला जाड पडदे ओढले. सत्तावीस माणसं आडवी झाली. मी खांबामागे, अजून माझी न झालेल्या माझ्या जागी, उशीवर गाल टेकला. बारा चाळीसला दिवे मालवले. तीन वर्षांत प्रथमच मला कुणी पाणी उकळल्याचं सांगत नव्हतं. पापण्या जड झाल्या.

बारा चव्वेचाळीसला ग्वान काकांना झिंगा लागला.

सगळे दिवे एकदम लागले. दिवा लागला म्हणजे दीड वाजला, ही सवय तीस वर्षांची. सत्तावीस माणसं ताडकन उठली, खाटा मिटू लागली, एकाने तर फोन उचलून गिऱ्हाइकाला ‘नमस्कार’ सुद्धा म्हटलं. मग घड्याळ बघून सगळी परत आडवी झाली. एवढ्या हालचालीनंतर सेन्सर पुढली दहा मिनिटं काय झोपतोय! दिवे मालवले, तोच काकांना दुसरा लागला. त्या दुपारी काकांनी पाच झिंगे पकडले.

“काका, दुसरं काही स्वप्न बघा ना,” मी दीडला म्हणालो.

“स्वप्न काय मी यादीतून निवडतो?” काका ओशाळले होते. “पण चौथा बघायला हवा होतास. हा एवढा.”

खरी गंमत दोन वाजून वीस मिनिटांनी झाली. पडदे न उघडताच सगळे कामाला लागले होते. माणूस मन लावून आकडे भरत असला की दगडासारखा बसतो. बोटं हलतात, पण छताला बोटं दिसत नाहीत. दहा मिनिटं गेली. दिवे मालवले. अंधार झाल्याबरोबर, कुणी काही न ठरवता, सव्वीस कपाळं टेबलांवर टेकली. मेईचू ताईंनी तर चष्मा काढून ठेवला होता. ग्वान काकांना झिंगा लागेपर्यंत कंपनी बंद होती.

थोडक्यात, आमच्या ऑफिसात माणसं काम करताना निश्चल आणि झोपताना चंचल असतात, ही गोष्ट सेन्सर बनवणाऱ्याला कुणी सांगितली नव्हती.

वायरमनला बोलावलं. त्याने वायरींकडे पाहिलंही नाही. त्याने पाकीट उचलून उलटं केलं.

“मुदत संपलीय. परवाच.”

सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. रचनाकार मी. ताजं पाकीट ठेवलं, मुदत पुढल्या सप्टेंबरपर्यंत. काकांना त्या दिवशी सहा लागले.

मी हातपाय गाळले नाहीत. दुपारच्या कामासाठी हात हलवण्याची पाळी लावली: दर नऊ मिनिटांनी एकाने उठून दोन्ही हात डोक्यावर हलवायचे. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, बुडतोय. झोपेसाठी मी मुळावर घाव घालायचा ठरवलं. माणूस स्वप्नात तेच बघतो जे जागेपणी राहून जातं, असं कुठेतरी वाचलं होतं. रविवारी मी काकांना स्वखर्चाने झिंग्यांच्या हौदावर घेऊन गेलो. म्हटलं, पोटभर पकडू देत. तीन तास बसलो. शेजारच्या सहा वर्षांच्या पोरीने अकरा काढले, मिठात भाजले आणि आमच्यासमोर खाल्ले. काकांना एकही लागला नाही.

सोमवारी त्यांचे दोन्ही हात वर जायला लागले.

आता लोकांचा संयम सुटला. आठवडाभर कुणी झोपलं नव्हतं. सह्यांचा कागद मी टेबलोटेबली फिरवला, तो कोरा परत आला. मेईचू ताईंनी पेन हातात घेतलं आणि परत ठेवलं.

“टेबल छान आहे रे. पण सही कशाची करू? जुन्या ऑफिसात नरकासारखं उकडायचं, आम्लाचा वास यायचा. पण डोळा लागायचा.”

“काकांना बाहेर झोपवू का, जिन्यात?”

“वीस वर्षं झाली त्या माणसाला इथे. जिन्यात झोपवशील?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी कागदाची घडी घातली.

मालकीणबाई एवढंच म्हणाल्या, “शुक्रवारी संध्याकाळी प्रश्नावली जायला हवी. चौदाव्यात काय लिहायचं ते बघ. जमत नसेल तर मी दुसऱ्या कुणाला सांगते. पाण्याचं यंत्र आलंय हं जुन्या ऑफिसातून. त्याच्याजवळचं टेबल रिकामं आहे.”

बुधवारी इमारतीचा दाखला द्यायला सरकारी कार्यालयातून लाय साहेब आले. दाखल्याशिवाय जागा कायदेशीर नव्हती. बारीक माणूस, बाह्यांवर कापडी खोळी, पिशवीत स्वतःचा शिक्का आणि स्वतःचा डबा. पेटीला तार जोडून त्यांनी आठवड्याच्या नोंदी काढल्या आणि बराच वेळ कागद बघत बसले.

“वेन साहेब,” त्यांनी मला आडनावाने हाक मारली, “तुमचं ऑफिस किती ते किती?”

“आठ ते साडेपाच, साहेब.”

“नोंदींप्रमाणे ते साडेबारा ते दीड जोरात चालतं. बाकी दिवसभर बंद असतं. मधेच दर नऊ मिनिटांनी एक माणूस येऊन जातो.” त्यांनी चष्मा वर केला. “बंद ऑफिसला मी दाखला कसा देऊ?”

मी त्यांना सगळं सांगायला लागलो. पण साडेबारा झाले होते. डबा संपवता संपवता साहेबांच्या बोलण्यातली क्रियापदं गळायला लागली. “नियमाप्रमाणे… प्रत्यक्ष… पाहणी…” मग त्यांनी हळूच विचारलं, “इथे जरा टेकायला…?”

मी त्यांना माझी खांबामागची जागा दिली. उशीसकट. सरकारपुढे इलाज नाही.

बारा चव्वेचाळीसला काकांनी दोन्ही हातांनी ओढलं. साहेब खांबामागून उठून उभे राहिले, शिक्का हातात. तिसऱ्या झिंग्याला ते माझ्याजवळ आले. त्यांचे केस एका बाजूने उभे राहिले होते.

“वेन साहेब,” ते कुजबुजले, “त्या पेटीत खाली एक पांढरी चकती आहे बघा. चाचणीची. तिच्यावर बोट ठेवलं की चाचणी चालू, सगळे दिवे बंद, कुणी नाचलं तरी लागत नाहीत. बोट काढलं की चाचणी संपली.”

“आणि चाचणी किती वेळ करायची, साहेब?”

“ते नियमात लिहिलेलं नाही.” त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. “आमच्या कार्यालयात रोज तासभर असते.”

मी पळत जाऊन चिकटपट्टी आणली. चकतीवर दाबून लावली. दिवे लागलेलेच. पेन टेकवलं, उकडलेलं अंडं टेकवलं. साहेब मान हलवत होते.

“तिला माणसाचं ऊबदार कातडं लागतं. जबाबदार व्यक्ती हजर असावी म्हणून.”

म्हणजे सव्वीस माणसांनी झोपायचं तर सत्ताविसाव्याने तासभर दाराशी बोट लावून जागं बसायचं. एव्हाना आमच्याभोवती सगळे गोळा झाले होते. सगळे नम्रपणे छताकडे बघत होते. शेवटी मेईचू ताई म्हणाल्या, अगदी मायेने, “आ-काय तसाही झोपत नाही. तीन वर्षं बघतोय आपण.”

“बिचारा,” ग्वान काका म्हणाले. “त्याला सवयच नाही.”

“पण मी खांबामागची जागा निवडणार होतो,” मी म्हणालो.

“अरे निवड की,” ताई म्हणाल्या. “ती तुझीच. फक्त साडेबारा ते दीड इथे बस. शुक्रवारपर्यंत नीट झालं की सगळे सह्या करू. हो ना रे?”

काही हरकत नाही, असं सगळ्यांनी सांगितलं.

बुधवारची उरलेली दुपार आणि गुरुवारचा पूर्ण तास मी त्या बिननंबरी टेबलाशी बसून सव्वीस माणसं झोपताना पाहिली. हे दृश्य ज्याने पाहिलं नाही त्याला मत्सर म्हणजे काय ते कळायचं नाही. मालकीणबाईंच्या केबिनचं दारही किंचित उघडं असे. आतून शिट्टीसारखा आवाज येई. ग्वान काका अंधारात एकामागून एक झिंगे काढत होते आणि कुणाला काही त्रास नव्हता. कर्मचाऱ्यांच्या गरजांनुसार याहून चांगलं ऑफिस तैवानात नसेल. आणि मी, त्याचा कर्ता, तर्जनीला मुंग्या येऊन बसलो होतो.

शुक्रवारी लाय साहेब फेरतपासणीला आले. बरोबर बारा पंचवीसला. पिशवीत आज उशीही होती. “खांबामागे उजेड कमी वाटला परवा,” ते म्हणाले, “तपासायला हवं,” आणि माझ्या जागेवर जाऊन आडवे झाले.

मी सह्यांचा कोरा कागद कोपराखाली घेतला, चकतीवर बोट ठेवलं. अंधार झाला. पंधरा मिनिटांत बोट बधिर झालं. बोट बदललं. मग तळहात. मग मनात आलं, माणसाच्या अंगावर बोटांखेरीज पुष्कळ कातडं असतं. पेटी टेबलाच्या उंचीवर होती. मी हात टेबलावर पसरले, मान वाकडी केली आणि गाल चकतीवर टेकवला. दिवे लागले नाहीत. मी फक्त मानेला विसावा म्हणून डोळे मिटले.

उघडले तेव्हा डोक्यात एक विलक्षण स्वच्छता होती. असं मला लहानपणी वाटायचं. समोरच्या भिंतीवर घड्याळाचे हिरवे काटे चमकत होते. चार वाजून दहा मिनिटं.

आधी वाटलं, घड्याळ बंद पडलंय. मग कळलं, मी झोपलो होतो. तीन वर्षांत प्रथमच, सव्वातीन तास तरी. आणि दिवा न लागल्यामुळे माझ्याबरोबर आमची कंपनीही झोपली होती. झोपेच्या वेळात फोन मुके केलेले असतात. ते मुकेच होते. आता गाल उचलला तर दिवे लागणार, सव्वीस माणसं घड्याळ बघणार, आणि कागदावर सहीऐवजी माझा राजीनामा लिहिला जाणार. म्हणून मी गाल उचलला नाही. किती वेळ, ते ठरवलं नव्हतं. माणसं कधीतरी निवृत्त होतातच.

“आ-काय.” अंधारातून मेईचू ताईंचा आवाज, अगदी बारीक.

“हं.”

“किती वाजले रे?”

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. “चार दहा.”

मग ताई म्हणाल्या, “मला वाटलंच. मी पावणेतीनपासून जागी आहे.”

“मी अडीचपासून,” खिडकीकडून कुणीतरी म्हणालं.

“मग उठलात का नाही?”

“तू दाबून धरलेलं. म्हटलं, वरून हुकूम असेल.”

“हळू बोला रे,” ग्वान काका कुजबुजले. “मालकीणबाई उठतील.”

“मी जागीच आहे,” केबिनमधून मालकीणबाई म्हणाल्या.

पुढलं एक मिनिट त्या मजल्यावर जी स्थिरता होती ती सेन्सर बनवणाऱ्याला दाखवायला हवी होती. खाट करकरली नाही. काकांचे दोन्ही हात, मला वाटतं, छातीवर जोडलेले होते.

“आ-काय.”

“जी.” गाल पेटीवर दाबलेला असल्यामुळे ते ‘ज्यू’ असं काहीतरी झालं.

“तो सह्यांचा कागद कुठंय?”

“माझ्या कोपराखाली.”

“कोरा?”

“अजून तरी.”

आत कूस बदलल्याचा आवाज झाला. “अंधारात सही करता येते का रे?”

मी पुढल्या तीस वर्षांच्या पगाराचा आणि एका गरम पाण्याच्या यंत्राचा विचार केला. “येते, मालकीणबाई.”

“मग फिरव.”

कागद गेला. तो खाटेवरून खाटेवर जाताना ऐकू येत होता. पेनाचं टोपण, खरखर, टोपण. कुणीतरी कागदाऐवजी काकांच्या बाहीवर सही केली, ती पुन्हा करवून घेतली. केबिनचं दार किलकिलं झालं आणि परत लोटलं गेलं. फेरी पूर्ण करून कागद माझ्या हाताशी आला तेव्हा साडेचार झाले असतील. बोटाने चाचपलं, तर सगळ्या सह्या एकाच कोपऱ्यात एकमेकींवर चढल्या होत्या.

“झाल्या सगळ्या?” मालकीणबाईंनी विचारलं.

“सत्तावीस, मालकीणबाई. फक्त दाखल्याचा शिक्का राहिला.”

खांबामागून, माझ्या जागेवरून, माझ्या उशीतून लाय साहेबांचा आवाज आला. “शिक्का उजेडातच मारावा लागतो, वेन साहेब.” त्यांनी जांभई दिली. “पण मला काही घाई नाही.”